कागदावरचा तेलाचा ठिपका

जुना वस्तरा विकत घेताना माणसं आधी मूठ बघतात. हस्तिदंती आहे का, शिंगाची आहे का, तिच्यावर काही कोरलंय का. मग पात्यावरचा शिक्का वाचतात आणि तो परदेशी निघाला की खूश होतात. धारेची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तीसुद्धा अंगठा फिरवून बघायची. अंगठ्याला धार कळत नाही. अंगठा कापला, एवढंच कळतं.

मी न्हावी नाही. तेहतीस वर्षं दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. पेशंटच्या शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा आमच्याकडे यायचा. तो मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर ठेवायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली बघून गाठ साधी की कॅन्सरची, हे ते सांगायचे. काप काढायच्या यंत्रात जी सुरी असायची, ती म्हणजे मूठ नसलेला, वीतभर लांबीचा वस्तराच. तिला धार हातानं लावावी लागे, आधी काचेवर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर. धारेत कुठे बारीकसा दाता पडला, तर प्रत्येक कापावर आडवी रेघ उमटायची, आणि नेमक्या त्या रेघेखाली काय होतं, ते कुणालाच दिसायचं नाही. मी लावलेल्या सुरीत दाता आहे, असं एकाही डॉक्टरला कधी म्हणावं लागलं नाही. हे मी अनेकदा, अनेकांना, न विचारता सांगितलेलं आहे.

पुढे वापरून फेकायची ब्लेडं आली आणि माझ्या आधी माझी विद्या रिटायर झाली. निवृत्तीनंतर मी गाझियाबादला राहायला आले. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी जुन्या बाजारातून वस्तरा आणला होता. मी तो त्यांना लावून दिला आणि तिथून हे सुरू झालं. जुने वस्तरे जमवणारी आणि त्यांनी दाढी करणारी माणसं दिल्लीत बरीच आहेत, आणि सगळी एकमेकांना ओळखतात. माझी मुलगी दिल्लीतच वाढली. 'वस्तरा' म्हटलं की ती क्षणभर थांबते, मग म्हणते, "अच्छा, उस्तरा! आई, तू लोकांचे उस्तरे तपासतेस हे मी ऑफिसमध्ये कुणाला सांगितलेलं नाहीये हं."

तपासायचं काय, ते थोडक्यात सांगते. वस्तरा टेबलाच्या काचेवर आडवा ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही काचेला सरळ टेकली पाहिजेत. डुगडुगला तर पातं पिळलेलं आहे. पाठ एका टोकाला जास्त झिजलेली दिसली, तर आधीच्या मालकानं चुकीच्या हातानं घासलाय, हे समजायचं. गंजाचे डाग पुसले जातात. गंजानं पाडलेले काळे खड्डे जात नाहीत, आणि ते धारेजवळ असतील तर तो वस्तरा शोकेसमध्ये ठेवायचा. मूठ नाकाशी न्यायची. कापराचा वास आला तर ती जुन्या सेल्युलॉईडची. तशी मूठ कुजायला लागली की तिच्या वाफेनं शेजारचं पोलाद खाल्लं जातं. आणि धार उजेडात तिरपी धरायची. निळसर झाक दिसली, तर कुणीतरी ग्राइंडरवर धरून पातं तापवलंय. पोलादाचं पाणी गेलं, आता त्याला धार टिकणार नाही. दिल्लीतल्या हिंदूराव रुग्णालयाच्या बाजूचा एक सलूनवाला असे चार निळे वस्तरे 'अँटीक' म्हणून घेऊन आला होता. मी सांगितल्यावर म्हणाला, "मॅडम, चमक तो देखो!" चमक मला भीती घालते. भरपूर पॉलिश केलेल्या वस्तऱ्याला काहीतरी लपवायचं असतं.

गुरुग्रामच्या एका साहेबांनी खऱ्या हस्तिदंती मुठीचा वस्तरा आणला. मुठीच्या कडेला जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा स्पष्ट होत्या. हाडात तशा नसतात, तिथे बारीक काळे ठिपके असतात. मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हटलं, "याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. मी याला हात लावणार नाही, तुम्हीही वकिलाला विचारा." ते हसले आणि निघून गेले. असे प्रसंग पुढे चारचौघांत सांगायला बरे असतात. मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

वस्तऱ्यातला सगळ्यात वाईट दोष म्हणजे केसासारखी चीर. धारेपासून पाठीकडे गेलेली, दोन-तीन मिलिमीटरची. ती भिंगातूनही दिसेलच असं नाही, कारण पॉलिशनं तिचं तोंड बुजतं. ती ओळखायच्या दोन युक्त्या आहेत. एक, पात्यावर नखानं टिचकी मारायची. अखंड पातं बारीक, लांब वाजतं. चिरलेलं 'टक्' करून गप्प होतं. दुसरी युक्ती प्रयोगशाळेतली. पात्याला पातळ तेल लावून तासभर ठेवायचं, मग स्पिरिटच्या फडक्यानं कोरडं पुसायचं आणि टीपकागदावर आडवं ठेवून द्यायचं. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल रात्रभरात झिरपतं आणि कागदावर धारेच्या जागी डाग पडतो. चीर नसेल तर कागद कोरा राहतो.

तांबोळी साहेब मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळा जन्म दिल्लीत काढला आणि निवृत्त झाल्यावर आमच्यापासून दोन किलोमीटरवर फ्लॅट घेतला. त्यांची बायको शमीम आणि मी एकाच योगाच्या वर्गात जात असू. गेल्या वर्षी साहेबांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, झडप बदलली. मी दोनदा डबा घेऊन गेले होते. मला एवढंच ठाऊक होतं.

त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या तीन दिवस आधी ते स्वतः वस्तरा घेऊन आले. रविवारच्या बाजारात मिळालेला, काळ्या शिंगाच्या मुठीचा, देखणा.

"सुनंदाताई, माझे वडील असल्याच वस्तऱ्यानं दाढी करायचे. मलाही त्यांनीच शिकवली. नोकरीच्या गडबडीत ते सुटलं. साखरपुड्याला या हातानं करणार."

"सवय आहे का अजून?"

"हात विसरत नसतो."

मी काचेवर ठेवला. सरळ टेकला. खड्डे नव्हते, निळं नव्हतं. टिचकी मारली. आवाज आला, पण जितका लांब यायला हवा तितका आला नाही. मूठ जाड आहे, खिळा घट्ट बसलाय, म्हणून आवाज दबला, अशी मी मनाची समजूत घातली. मला तो वस्तरा आवडला होता. आणि ते समोर उभे होते, लहान मुलासारखे आशेनं बघत. मी ठेवून घेतला.

दोन दिवस धार लावली. तिसऱ्या संध्याकाळी तेल लावलं, पुसलं आणि वस्तरा टीपकागदावर ठेवला. सकाळी दहाला न्यायला या, असं सांगितलं होतं. ते साडेसातलाच दारात आले.

"फिरायला निघालो होतो, म्हटलं घेऊनच जावा. दुपारी कार्यक्रम आहे, पाहुणे हॉलवर उतरलेत, आज वेळ नाही मिळायचा."

"थांबा, एकदा दिव्याखाली बघते."

"तुमच्या हातून गेलाय ना, मग काय बघायचंय! द्या."

गॅसवर दूध होतं. मी वस्तरा उचलला, पट्ट्यावर चार हात मारले, फडक्यात गुंडाळला आणि त्यांना दिला. ते दोन्ही हातांनी घेऊन, छातीशी धरून लिफ्टकडे गेले.

चहा झाला, आंघोळ झाली. साडेआठच्या सुमाराला मी टेबल आवरायला घेतलं. टीपकागद उचलून चुरगाळणार होते. खिडकीतल्या उजेडात तो अर्धपारदर्शक दिसला, एकाच ठिकाणी. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. वस्तऱ्याची पाठ होती त्या बाजूला नव्हे, धारेच्या बाजूला. बाकी सगळा कागद कोरडा खडखडीत.

मी तो ठिपका बोटानं घासला. तेलच होतं.

साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शमीमचा लावला, बिझी. पुन्हा साहेबांचा. पुन्हा शमीमचा, अजून बिझी. केटररशी नाहीतर हॉलवाल्याशी बोलत असणार. मेसेज लिहिला, 'वस्तरा वापरू नका'. त्याच्यापुढे एकच टिक दिसत राहिली. मी पायांत चपला सरकवल्या आणि खाली आले.

गेटवर ई-रिक्षा मिळाली. "भैया, जल्दी चलो," म्हटलं. तो म्हणाला, "आंटीजी, ये इतना ही चलता है." खरंच तितकंच चालत होतं. पुलाखाली शाळेच्या बसनं रस्ता अडवला होता. मी सारखा फोन लावत होते आणि डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. चीर पडलेलं पातं गालाच्या सपाटीवर बिनबोभाट चालतं. हनुवटीच्या वळणावर, नाहीतर जबड्याखाली त्याच्यावर ताण येतो. तिथे तुकडा सुटला की उरलेली धार करवतीसारखी होते. आणि जबड्याखाली काय असतं, ते तेहतीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

शमीमनं दार उघडलं तेव्हा फोन तिच्या कानालाच होता. मला बघून हसली. "अगं ताई, एवढ्या लवकर? कार्यक्रम बाराला आहे!"

"साहेब कुठे आहेत?"

"बाथरूममध्ये. कधीचे कडी लावून बसलेत."

"दाढी करतायत का? वस्तऱ्यानं?"

तिचा चेहरा उतरला. फोन खाली आला. "वस्तऱ्यानं? ताई, त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी साधं ब्लेडसुद्धा बंद केलंय. मशीननं करायची, एवढीच परवानगी आहे. वस्तरा कुठून आला?"

माझ्याकडून आला, हे सांगायला तोंड उघडेना. "वस्तरा चिरलेला आहे," एवढंच म्हटलं.

ती धावली. बाथरूमच्या दारावर मारायला तिनं मूठ उगारली आणि मी तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात की तिच्या बांगड्या माझ्या तळहातात रुतल्या.

"नको. दचकले तर हात हलेल."

दाराआडून आवाज येत होता. खर्र... खर्र... छोटे, सावकाश हात. हात खरंच विसरला नव्हता. आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या होतो. शमीमचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी तिच्या कानात म्हटलं, "पातं धुवायला नळ सोडतील. नळाचा आवाज आला की वस्तरा चेहऱ्यापासून लांब असेल. तेव्हा हाक मार. नेहमीसारखी."

खर्र. थांबले. नळ नाही. पुन्हा खर्र. किती हात झाले ते मी मोजत होते आणि मधेच विसरत होते. प्रत्येक हाताला वाटे, हाच जबड्याखालचा. हॉलमधून शमीमचा फोन परत वाजायला लागला. तो आवाज मला घंटेसारखा मोठा वाटला. ती हलली नाही. आत खर्र थांबलं, फोनच्या आवाजानं असेल.

"शमीम, फोन घे गं!" आतून साहेब ओरडले. आणि पुन्हा, खर्र.

तिनं माझ्याकडे बघितलं. आता हाक मारू का, असे डोळे. मी मान हलवली, नाही. तो माझा निर्णय होता. त्या पाच-सात सेकंदांत काही झालं असतं, तर तो माझाच राहिला असता. दोनदा माझा, कारण वस्तराही मीच दिला होता.

मग नळ सुटला.

"अहो," शमीम म्हणाली. तिचा आवाज इतका साधा, इतका रोजचा लागला की मी आजही विसरलेले नाही. "अहो, जरा दार उघडा. सुनंदाताई आल्यात. वस्तरा खाली ठेवून या."

"आता? साबण लागलाय मला!"

"असू दे. ठेवा आणि या."

बेसिनच्या कडेवर धातू ठेवल्याचा आवाज आला. कडी निघाली. दारात बनियनवर तांबोळी साहेब उभे होते, खांद्यावर टॉवेल. उजवा गाल स्वच्छ, तुळतुळीत. डाव्या गालावर आणि गळ्यावर पांढरा फेस. कुठेही रक्ताचा थेंब नव्हता. शमीम तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

मी आत गेले, वस्तरा उचलला, खिडकीशी नेला. कागदावर ठिपका जिथे होता त्या जागी धारेखाली नख ठेवलं आणि अगदी हलकं वर दाबलं. 'टिक्' झालं. तांदळाच्या कणीएवढा त्रिकोणी तुकडा बेसिनमध्ये पडला आणि पांढऱ्या चिनीमातीवर चमकत राहिला.



मग साहेब बोलले, आणि ते शमीमवर नाही, माझ्यावर चिडले. "हे तुम्ही फोनवर सांगायचं! हिच्यासमोर कशाला?"

"तुम्ही गोळ्यांचं मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर धार लावून दिली असती?"

"नसती."

"मग?" त्यांचा आवाज फाटला. "वर्ष झालं, ताई. आंघोळीला कुणीतरी बाहेर उभं. गोळ्या ही मोजून देते. जिना चढताना हाताला धरतात. पोरीच्या साखरपुड्याला एक गोष्ट, एकच, माझ्या हातानं करायची होती. मी काय मागितलं जास्तीचं?"

मी एवढंच म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, साहेब. मी बाहेरून ऐकला. वस्तरा वाईट होता, आणि तो मी चांगला म्हणून दिला."

ते आरशात बघत राहिले. अर्धा चेहरा लग्नघरचा, अर्धा फेसाचा. फेस वाळायला लागला होता. शमीम उठली. तिनं कपाटातून दाढीचं मशीन काढलं, ओल्या टॉवेलनं त्यांच्या डाव्या गालावरचा फेस पुसला, त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"मी करते. हलू नका."

"बारीक दाढी राहते मशीननं. दोन गाल दोन तऱ्हेचे दिसतील."

"दिसू देत. विचारलं कुणी तर सांगा, एक गाल तुम्ही केला, एक मी."

त्यांनी डोळे मिटले. मशीन सुरू झालं. मी तो तुकडा टिश्यूत उचलला, वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि बाहेर आले. खाली आल्यावर वॉचमननं मला खुर्ची दिली.

दुपारी मी कार्यक्रमाला गेले. साहेब शेरवानीत होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण जेवायला बसताना शेजारची खुर्ची ओढून दिली. शमीमनं मात्र त्यानंतर दोन महिने योगाच्या वर्गात माझ्या शेजारी चटई टाकली नाही. मी गोळ्यांबद्दल विचारलं नाही, हे तिला बोचत होतं. ओळखीचं घर म्हणून विचारलं नाही. अनोळखी माणसाला मी विचारत होते. आता सगळ्यांना विचारते. दाढी कोण करणार, कोणती औषधं चालू आहेत, हात कापतो का. काहींना राग येतो, ते वस्तरा घेऊन परत जातात. जाऊ देत.

पण त्या दिवसाचं काम अजून संपलं नव्हतं. हॉलवरून घरी आल्यावर मी टेबलाशी बसले आणि स्वतःशी खरं बोलले. साहेबांचा वस्तरा निदान मी कागदावर ठेवला तरी होता. त्याआधीच्या काही महिन्यांत तीन वस्तरे मी नुसत्या टिचकीवर पास केले होते. ऐकून कळतं मला, अशी घमेंड झाली होती. काम वाढलं होतं, कागदावर रात्रभर ठेवायला टेबलावर जागा नव्हती. कारणं भरपूर होती.

पहिला फोन नोएडाच्या एका गृहस्थांना केला. त्यांनी वस्तरा काचेच्या पेटीत ठेवला होता, वापरतच नव्हते. दुसरे, हिंदूरावकडचेच एक निवृत्त मास्तर, म्हणाले, "बहनजी, शक का इलाज नहीं है," पण पाठवतो म्हणाले. तिसरा दिल्लीच्या मुनिरका भागात राहणारा, परभणीचा मुलगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. आजोबांचा वस्तरा गावाहून घेऊन आला होता.

"काकू! मस्त चाललाय हं वस्तरा. रोज वापरतो. सगळे रूममेट बघायला येतात, यार. मी सगळ्यांना तुमचं नाव सांगतो, म्हटलं बिल्कुल डोळे मिटून द्या, काकूंच्या हाताखालून गेला की बघायचं नाही."

"उद्या वापरू नकोस," मी म्हटलं. "मेट्रोनं ये आणि मला परत दे. दोन दिवस ठेवून घेईन."

"का? काही बिघडलंय का त्याचं?"

एवढ्या वर्षांत पुढचं वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. प्रयोगशाळेत नाही, घरी नाही, मुलीशी भांडतानाही नाही.

"त्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी नीट बघितला नव्हता. माझी चूक झाली."

तो म्हणाला, "आत्ताच निघतो, काकू."

मी टेबल पुसलं आणि नवा टीपकागद पसरला.